हात न लागलेला कागद

१९३८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पेपरविक्रेत्यांकडे ‘ॲक्शन कॉमिक्स’ नावाच्या नव्या मासिकाचा पहिला अंक आला. मुखपृष्ठावर महिना जूनचा, किंमत १० सेंट, आणि चित्रात निळ्या पोशाखातला एक तगडा माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून आदळतो आहे. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघा तरुणांनी आपल्या या नायकाचे, म्हणजे सुपरमॅनचे, सगळे हक्क प्रकाशकाला १३० डॉलरना देऊन टाकले होते. अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या. आज त्यांतल्या शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांतली एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरना गेली. सीगल आणि शुस्टर यांना ते १३० डॉलर ज्या धनादेशाने मिळाले, त्या धनादेशाचाही २०१२ मध्ये लिलाव झाला आणि त्याला १ लाख ६० हजार डॉलर आले.

वस्तू दुर्मीळ, म्हणून महाग, असे यावर कोणी म्हणेल. पण हिशेब इतका सरळ नाही. ‘अमेझिंग फँटसी’चा १९६२ च्या ऑगस्टमधला पंधरावा अंक घ्या. स्पायडरमॅन पहिल्यांदा दिसला तो यात. या अंकाच्या हजारो प्रती आजही शिल्लक आहेत. कडा झिजलेली, डाग पडलेली, पाठ उसवलेली प्रत काही दहा हजार डॉलरांत मिळते. तेही थोडके नव्हेत. सप्टेंबर २०२१ मध्ये मात्र याच अंकाची एक प्रत ३६ लाख डॉलरना विकली गेली. गोष्ट तीच, चित्रे तीच, छापखाना आणि कागदही तोच. फरक एवढाच, की साठ वर्षांत त्या प्रतीला जवळजवळ कोणाचा हात लागलेला नव्हता. संग्राहकांच्या भाषेत ती ‘९.६’ची प्रत होती. जुन्या कॉमिकच्या संग्रहातले सगळे वेड, सगळी विद्या आणि बरीचशी लबाडी या दशांश चिन्हाभोवती गोळा झालेली आहे.

हे इतके अवघड का, हे कळण्यासाठी आधी कागद पाहावा लागतो. त्या काळातले कॉमिक वर्तमानपत्राच्या कागदावर छापत. हा कागद करताना लाकडाचे ओंडके फिरत्या दगडावर घासून त्यांचा लगदा करतात. स्वस्त पडते, कारण लाकडातले काहीच वाया जात नाही. पण त्यामुळे लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन हे द्रव्यही कागदात राहते. उजेड आणि हवा लागली की लिग्निन आधी पिवळे आणि मग तपकिरी पडते, आणि त्यातून आम्ल तयार होते. हे आम्ल सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या तोडत जाते. साखळ्या आखूड झाल्या की कागदाची लवचीकता जाते आणि शेवटी पान उलटताना कोपरा पापडासारखा मोडून हातात येतो. ही झीज बाहेरून येत नाही. कागद कारखान्यातून निघतो तेव्हाच ती त्याच्या पोटात असते. ऊब आणि ओल तिला वेग देतात, थंडी आणि कोरडेपणा तिला रोखून धरतात.

मुखपृष्ठाचा कागद चकचकीत आणि थोडा बरा असे. पण त्याच्यावरची शाई घडी पडली की तडकते, आणि खालचा पांढरा कागद रेघेसारखा उघडा पडतो. मधोमध दोन लोखंडी पिना. दमट हवेत त्या गंजतात, आणि गंज पिनेपाशी थांबत नाही, कागदात पसरतो.

आता या कागदाचे ग्राहक पाहा. आठ ते चौदा वर्षांची मुले. अंक दुमडून पँटच्या मागच्या खिशात जाई, मित्रांत फिरे, कूपन कापायला कात्री चाले. घर आवरताना आई गठ्ठा बाहेर काढी. दुसऱ्या महायुद्धात देशभर रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी स्वतःच आपले अंक अभिमानाने देऊन टाकले. युद्ध संपल्यावर कॉमिकमुळे मुले बिघडतात अशी ओरड सुरू झाली. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात शाळकरी मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली कॉमिकची होळी केली. इतर गावांतही असे झाले. न खपलेल्या प्रतींची गत तर ठरलेलीच होती. विक्रेता मुखपृष्ठाचा वरचा पट्टा कापून परत पाठवी, त्याबद्दल त्याला पैसे मिळत, आणि उरलेला अंक नष्ट करायचा असे. काही विक्रेते तो बिनपट्ट्याचा अंक निम्म्या किमतीत गुपचूप विकत. आज असे शिर कापलेले अंक सापडतात, ते त्यामुळे.

या सगळ्यातून एखादी प्रत जशीच्या तशी वाचायची, तर कोणाची तरी चमत्कारिक सवय आणि अनुकूल हवा यांची गाठ पडावी लागते. अशी गाठ सर्वांत मोठ्या प्रमाणावर पडली ती कोलोरॅडोत.

एडगर चर्च (१८८८–१९७८) हा तिथला व्यावसायिक चित्रकार. टेलिफोन कंपनीच्या पिवळ्या पानांसाठी जाहिरातींची चित्रे काढणे हे त्याचे काम. स्वतःच्या चित्रकलेला संदर्भ म्हणून तो मासिकांतली चित्रे जमवी, आणि १९३७ च्या सुमारास त्याने कॉमिक घ्यायला सुरुवात केली. पुढे पंधरा-सोळा वर्षे तो ती घेत राहिला. एखाद्या नायकाच्या मागे लागून नव्हे, बाजारात येईल ते जवळजवळ सगळे. दुकानातून नवाकोरा अंक आणायचा, पाहिला न पाहिला करून घरातल्या गठ्ठ्यावर आडवा ठेवायचा, त्यावर पुढचा. गठ्ठे माणसाच्या उंचीला पोचले. खालच्या अंकांवर वरच्यांचे वजन पडून ते सपाट आणि घट्ट बसले, आत ना हवा शिरली ना उजेड. बाहेर हवा कोलोरॅडोची, समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरची, थंड आणि कोरडी. कागद जपण्यासाठी एखाद्या ग्रंथालयाने मुद्दाम खोली बांधली असती तरी ती फार वेगळी झाली नसती. चर्चच्या मनात मात्र यातले काही असल्याचे दिसत नाही.

१९७७ मध्ये घर रिकामे करताना कुटुंबीयांनी कॉमिकच्या एका तरुण विक्रेत्याला बोलावले. त्याचे नाव चक रोझान्स्की, वय एकवीस, दुकानाचे नाव ‘माइल हाय कॉमिक्स’. त्याला तिथे अठरा ते बावीस हजार अंक मिळाले. १९४० च्या आधीचे अंक, आणि रंग इतके गडद की जणू आठवड्यापूर्वी छापलेले. पाने पांढरी आणि हाताला मऊ. त्या वेळच्या संग्राहकांनी ‘सुपरमॅन’चा पहिला अंक पाहिलेला होता, पण तो असा दिसतो, हे त्यांना माहीत नव्हते. आपण ज्याला उत्तम म्हणत होतो तो मध्यम होता, हे त्यांना एकाएकी कळले. रोझान्स्कीने हे अंक छापील दरपत्रकाच्या कितीतरी वर किंमत लावून विकायला काढले, तेव्हा जुने विक्रेते संतापले. घेणाऱ्यांनी मात्र घेतले. उत्तम प्रतीला वेगळाच भाव असतो, ही गोष्ट या धंद्यात रुजली ती तेव्हापासून. त्या गठ्ठ्यात ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंकही होता. पाहिलेल्यांच्या मते जगातली सर्वोत्तम प्रत ती हीच. ती खासगी संग्रहात आहे, आणि तिच्यावर आजवर कोणताही अधिकृत आकडा चढलेला नाही. मला विचाराल तर या सगळ्या व्यवसायातली सर्वांत रुबाबदार गोष्ट हीच आहे.

चर्चच्या संग्रहातल्या अंकांना आज त्यांच्या मूळपुरुषाच्या नावाने ओळखतात. असे घराणे सांगणारे आणखी काही संग्रह आहेत. नेब्रास्कातल्या एका मुलासाठी दुकानदार अंक राखून ठेवी आणि मुखपृष्ठावर पेन्सिलीने ‘लार्सन’ असे लिही. एरवी मुखपृष्ठावरचे लिखाण म्हणजे दोष, पण हे नाव असेल तर किंमत चढते. सॅन फ्रान्सिस्कोचा एक तरुण नौदलात गेला आणि १९४५ मध्ये युद्धात मारला गेला. आईवडिलांनी त्याची खोली तशीच ठेवली आणि तिच्यातले हजारो अंक १९७० च्या दशकात बाहेर आले, असे सांगतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका टपालवाल्याला कोणत्याही मासिकाचा पहिला अंक विकत घ्यायची सवय होती. त्याच्याकडची ‘मार्व्हल कॉमिक्स’च्या १९३९ मधल्या पहिल्या अंकाची प्रत नोव्हेंबर २०१९ मध्ये साडेबारा लाखांहून अधिक डॉलरना गेली.

यांतला एकटा बिल गेन्स समजून-उमजून साठवत होता. तो ‘ईसी’ या प्रकाशनसंस्थेचा मालक. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारखी त्याची भयकॉमिक १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तडाखेबंद खपत. एप्रिल १९५४ मध्ये तो स्वतःहून अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीला गेला आणि तिथे त्याची जाहीर उलटतपासणी झाली, त्याच वर्षी व्यवसायाने स्वतःवर नियमावली लादून घेतली, आणि गेन्सची मासिके बंद पडली. ‘मॅड’ तेवढे तगले. पण प्रत्येक अंक छापून आला की गेन्स डझनभरापर्यंत प्रती बाजूला काढी आणि कागदात हवाबंद गुंडाळून ठेवून देई. ही पुडकी जवळपास चाळीस वर्षे मॅनहॅटनमध्ये पडून राहिली आणि १९९० च्या सुमारास प्रमाणपत्रांसह विक्रीला आली. ज्या मासिकांना समाजासाठी घातक ठरवून संपवले, तीच आज त्या दशकातली सर्वांत कोरी कॉमिक म्हणून ओळखली जातात.

किमतींना शिस्त आली ती १९७० मध्ये, रॉबर्ट ओव्हरस्ट्रीटने पहिले दरपत्रक काढले तेव्हा. पण अंक कोणत्या प्रतीचा, हे ठरवणार कोण? विकणाऱ्याला तो नेहमीच उत्तम दिसे, घेणाऱ्याला मध्यम. २००० साली सीजीसी ही कंपनी निघाली. फ्लोरिडात तिच्याकडे अंक पाठवायचा. एकाहून अधिक परीक्षक तो पानन् पान तपासतात, ०.५ ते १० मधला एक आकडा देतात आणि अंक कडक पारदर्शक पेटीत कायमचा बंद करतात. वरच्या पट्टीवर आकडा आणि पानांचा रंग: पांढरा, मलईसारखा, तांबूस, ठिसूळ. नावे मात्र गमतीशीर आहेत. २.० ला ‘गुड’ म्हणतात, आणि असा अंक पाहून कोणाही सामान्य माणसाला तो रद्दीत टाकावासा वाटेल. ४.० म्हणजे ‘व्हेरी गुड’, ६.० ‘फाइन’, ८.० ‘व्हेरी फाइन’, ९.४ ‘निअर मिंट’. त्यापुढे ९.६, ९.८, ९.९ आणि १०.

९.४ आणि ९.८ मधला फरक सांगायला सोपा, पाहायला अवघड. अंक उजेडात तिरका धरून पाठीकडची कडा पाहतात. पिनांजवळ बारीक आडव्या रेघा असतात. अंक उघडताना कागदावर ताण येऊन त्या पडतात. रेघ नुसती उठून दिसत असेल तर कमी दोष, तिथली शाई तडकून पांढरे दिसत असेल तर जास्त. मग कोपरे, टोकदार की बोथट. मग कापलेल्या कडा. १९५० च्या दशकाअखेरच्या आणि १९६० च्या दशकातल्या मार्व्हलच्या अंकांना उजव्या कडेला टवके उडालेले असतात, कारण छापखान्यातली पाती बोथट होती. म्हणजे अंक दुकानात पोचण्याआधीच सदोष. टपालाने वर्गणीदारांना गेलेले अंक उभे दुमडलेले. ती घडी कधीच जात नाही. विक्रेत्याने मारलेला तारखेचा शिक्का मात्र बहुतेकांना चालतो, काहींना तर आवडतो.

या दोषांचाच एकदा चांगला उपयोग झाला. अभिनेता निकोलस केज याने १९९७ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दीड लाख डॉलरना घेतला होता. २००० मध्ये तो त्याच्या घरातून चोरीला गेला. पण अशा प्रतीचा एक-एक ओरखडा जाणकारांना पाठ असतो. ती उघडपणे विकणे अशक्यच. २०११ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या भाड्याच्या एका गोदामखणात सापडली, ओळख पटली, आणि त्याच वर्षी २१ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. तिचा आकडा होता ९.०.

पैसा आला तसे हातही आले. पूर्वी संग्राहक प्रेमाने डागडुजी करत: उडालेल्या रंगावर ब्रश फिरवायचा, फाटका कोपरा जपानी कागदाने सांधायचा, खडबडीत कड बारीक कापून सरळ करायची. आज अशा अंकाच्या पेटीवर जांभळी पट्टी येते आणि किंमत कोसळते. प्राचीन चित्राची डागडुजी हे संग्रहालयाचे कर्तव्य, कॉमिकची डागडुजी मात्र कलंक. हा दंडक मला पटत नाही, पण बाजार तो पाळतो. गंमत म्हणजे अंकाला ऊब आणि दाब देऊन सुरकुत्या काढण्याला डागडुजी समजत नाहीत. त्यासाठी व्यावसायिक मंडळी आहेत. अंक पेटीतून काढायचा, दाबून घ्यायचा, पुन्हा परीक्षेला पाठवायचा, ९.२ चा ९.४ झाला की खर्च कित्येक पटींनी वसूल. पेटीवरही आता डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. २०२३ च्या अखेरीस पेट्या उघडून आतले अंक बदलल्याचे प्रकार उघडकीला आले.

घरी जपायचे तर नियम साधे आहेत. पीव्हीसीच्या पिशव्या वर्ज्य, कारण त्यांतून निघणारे वायू कागद खातात. पॉलिएस्टरच्या स्वच्छ पिशव्या उत्तम. मायलार या नावाने त्या ओळखल्या जातात. पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा, अंक उभे आणि आधार देऊन ठेवलेले, खोली थंड, काळोखी, हवेतली आर्द्रता निम्म्याच्या आत.

मुंबई-कोकणच्या हवेत यातली शेवटची अट ऐकून हसू येते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली, पहिल्याच अंकात वेताळ आला, आणि १९९० पर्यंत मराठीसह अनेक भाषांत ती निघत राहिली. तिचेही संग्राहक आहेत, चांगले जिद्दी आहेत. पण चार महिन्यांचा पावसाळा, कसर, वाळवी आणि किलोवर रद्दी घेणारा दुकानदार यांच्या तडाख्यातून सुटलेला, पिना न गंजलेला १९६० च्या दशकातला अंक पाहायला मिळणे हाच इथे मोठा योग. आकड्याची गोष्ट पुढची.

अमेरिकेत मात्र एका पिढीने चर्चचे अनुकरण ठरवून केले, आणि ते फसले. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक आला. ८० लाखांहून अधिक प्रती निघाल्या, आणि लोकांनी चार-चार, दहा-दहा घेऊन न उघडता ठेवून दिल्या. पुढच्या वर्षी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या बंद पिशवीत आला, तोही असाच पेट्यांत गेला. आज हे अंक नवेकोरे मिळतात आणि काही डॉलरांत मिळतात. सगळ्यांनीच जपले, म्हणून कोणाचेच दुर्मीळ राहिले नाही.

आणि तरी पोटमाळे अजून संपलेले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात तिघे भाऊ आपल्या दिवंगत आईच्या घराची आवराआवर करत होते. पोटमाळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली पुठ्ठ्याचे खोके, त्यात तिने लहानपणी जमवलेली कॉमिक. ‘सुपरमॅन’चा १९३९ मधला पहिला अंक त्यात होता. त्याला ९.० मिळाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ९१ लाख २० हजार डॉलर.

अशी बातमी आली की जगभर खोकी उघडली जातात, आणि कोणाच्या तरी हाती ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक लागतोच. बहुतेक वेळा तो १९७४ चा असतो. त्या वर्षी प्रकाशकाने ‘फेमस फर्स्ट एडिशन’ या मालिकेत मूळ अंकाची हुबेहूब आवृत्ती काढली होती. आतल्या जाहिराती, १० सेंट किंमत, सगळे जसेच्या तसे. फक्त बाहेरून एक जादा मुखपृष्ठ होते आणि त्यावर ही नवी आवृत्ती असल्याचे लिहिलेले होते. काही भामट्यांनी ते वरचे पान काढून अंक मूळ म्हणून विकले. ओळखायला परीक्षक लागत नाही, फूटपट्टी पुरते. मूळ अंक सुमारे साडेदहा इंच उंच आहे, १९७४ चा त्याहून तीन इंच मोठा.